जिरेनियमची हजामत

आमचं दुकान म्हणजे एकाच दाराची दोन दुकानं. आत शिरलं की डावीकडे ह्यांचं सलून आणि उजवीकडे, प्लायवूडच्या पार्टिशनमागे, माझं शिलाई मशीन. मी नवीन कपडे शिवत नाही. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, जाड झालेल्यांचे कोट सैल करणं आणि बारीक झालेल्यांचे आत घेणं, हे माझं काम. बारीक झालेले फारसे येत नाहीत. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं दिवसभर त्या पार्टिशनच्या दोन बाजूंनी बोलत आलोय. म्हणजे बोलते मी, हे नुसतं "हं" म्हणतात. गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्यालाच हं म्हणाले.

ह्यांचं स्वतःचं असं वाक्य एकच. एकाचं डोकं झालं की कापड झटकायचं, खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटायचं आणि म्हणायचं, "या, पुढचे." बाकावर कोणी नसलं तरी सवयीनं म्हणायचे. मी इकडून विचारायचे, "कोण पुढचे? बाक तर रिकामा आहे." त्यावर हे म्हणायचे, "येईल की कोणीतरी." आणि यायचंही.

थंडीत हे दुकानाच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता हात वापरा, जितका वापराल तितका सुटेल. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. ह्यांनी तो आणून कंगव्यांच्या खणात टाकला. "मी काय लहान आहे का चेंडू खेळायला," म्हणाले. मी दिवसातून दहादा आठवण करायचे, आणि दहादा उत्तर यायचं, हं.

पुन्हा दुकान उघडलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वरच्या मजल्यावरचा पोस्टमन. अर्धं डोकं झालं असेल-नसेल, ह्यांचा अंगठा थरथरला आणि कात्री त्याच्या कानाला लागली. थेंबभर रक्त आलं. तो बिचारा म्हणाला, "असू दे हो, माझे कान आहेतच मोठे." पण ह्यांनी कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. त्या माणसाला अर्ध्या कापलेल्या डोक्यानं कोपऱ्यावरच्या दुसऱ्या सलूनमध्ये पाठवलं. त्यानंतर हे रोज दुकान उघडायचे, झाडायचे, आरसा पुसायचे आणि बाकावर बसून राहायचे. कोणी आत डोकावलं तर म्हणायचे, बंद आहे. पार्टिशनच्या पलीकडून आवाज म्हणून येईना. मी कितीही बडबडी असले तरी शेवटी भिंतीशी किती बोलणार?

वसंत निम्मा सरला तेव्हा मला न विचारता ह्यांनी फोनवर खुर्ची विकायचं ठरवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक जण नवीन सलून काढत होता. महिनाअखेरीस टेम्पो घेऊन येतो म्हणाला. ती खुर्ची म्हणजे काय चीज आहे हे बघितल्याशिवाय कळणार नाही. लोखंडी, पायानं दाबून वर-खाली होणारी, आणि इतकी जड की दुकानात आणताना चार माणसांनी उचलली होती. मी कपाळाला हात लावला.

"अहो, हात बरा झाल्यावर काय करणार? गिऱ्हाइकाला माझ्या स्टुलावर बसवणार?"

"हात बरा होत नसतो. मी शब्द दिलाय त्याला."

खुर्ची एकदा गेली की हे पुन्हा कात्रीला हात लावणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. हे जन्मात दुसरं काही शिकले नाहीत आणि दुसऱ्या कशात ह्यांचं मनही रमत नाही. अजून साठीही आली नाही, आणि हा माणूस आतापासून बाकावर बसून रस्ता बघणार. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आता जिरेनियमचं सांगते. नर्सरीच्या पाटीवर पेलार्गोनियम असं लिहिलेलं असतं, पण आमच्या रस्त्यावर त्याला सगळे जिरेनियमच म्हणतात. ती झाडं माझी. थंडीभर कुंड्या सलूनच्या काचेच्या खिडकीत फळीवर ओळीनं बसतात, आणि वसंत संपत आला, रात्रीचा गारठा गेला, की मी त्या बाहेर पायऱ्यांवर मांडते. एकदम नाही मांडायच्या. आधी थोडा वेळ बाहेर, संध्याकाळी परत आत, मग दिवसभर, मग कायमच्या. एकदम उन्हात ठेवल्या तर पानं भाजतात. फुलायला लागली की लाल झुपक्यांनी पायऱ्या भरून जातात. पत्ता सांगताना लोक सांगतात, ती लाल फुलांची पायरी आहे ना, तिच्या पुढे. माझा त्या झाडांत जीव आहे, उगाच कशाला नाही म्हणू.

यंदा ह्यांच्या हाताच्या काळजीपायी माझं तिकडे लक्षच नव्हतं. झाडं उजेडाच्या दिशेनं नुसती उंच वाढली होती, लांबच लांब काड्या, खालची पानं पिवळी, आणि वर शेंड्याला जेमतेम चार हिरवी पानं. पण प्रत्येक शेंड्याला कळ्यांचा झुपका मात्र होता. जिरेनियमच्या कळ्या आधी मान खाली घालून असतात, आणि उमलायच्या वेळी एकेक मान वर करते. मी रोज सकाळी बघायचे. एखाद-दुसरीनं मान उचलायला सुरुवात केली होती. निदान ह्या घरात काहीतरी वेळेवर होतंय, असं वाटून मला बरं वाटायचं.

त्या दिवसांत शहरातल्या हौशी बँडचे सगळे कोट माझ्याकडे सैल करायला आले होते. ढोलवाल्यापासून बासरीवाल्यापर्यंत सगळे थंडीत खाऊन सुटलेले. कोट पोचवायला निघताना मी ह्यांना म्हटलं, "नुसते बसलाच आहात तर कुंड्यांची वाळकी पानं तरी काढा. डाव्या हातानं काढा हवं तर."

"हं."

मी परत आले तर हे खिडकीशी पाठमोरे उभे, आणि फळीवरची सगळी झाडं एका उंचीची. झाडं कसली, बुंधे. पट्टी लावून कापल्यासारखी सपाट. खाली फरशीवर पानांचा, काड्यांचा आणि माझ्या कळ्यांचा ढीग, आणि हे केस लोटायचा झाडू घेऊन तो ढीग गोळा करतायत. दुकानभर तो जिरेनियमचा उग्र वास सुटला होता.

मी हातातली रिकामी पिशवी तिथेच टाकली.

"हे काय केलंत?"

"वाळकी पानं काढली. मग वरचं उगाच लोंबत होतं, ते जरा घेतलं. मग डावीकडचं जास्त गेलं, म्हणून उजवीकडचं घेतलं. मग ह्या कुंडीला ती शोभेना." हे खाली बघत म्हणाले, "येतील की परत. टोकं कापल्यानं काय होतंय? केस मुळातून वाढतात."

"झाड म्हणजे डोकं आहे का? कळ्या शेंड्याला होत्या, शेंड्याला. सगळ्या वर्षाची फुलं तुम्ही झाडूनं भरताय." एकदा सुरुवात झाल्यावर मी थांबणाऱ्यातली नाही. पायरीपासून चेंडूपर्यंत आणि चेंडूपासून खुर्चीपर्यंत सगळं काढलं. इतक्या वर्षांत ह्यांनी एक तरी डोकं वेगळं कापलंय का, म्हाताऱ्याचं आणि पोराचं, सगळ्यांचं सारखंच, हेही काढलं. ह्यांनी झाडू भिंतीला टेकवला. मग खिशातली कात्री टेबलावर ठेवून म्हणाले, "बघितलंस ना? ह्या हाताला आता झाडसुद्धा कापता येत नाही." आणि घरी निघून गेले.

मला रडू आलं. रागानंच आलं, पण आलं. नाक पुसत मी कुंड्या बघायला गेले, किती नुकसान झालंय ते तरी बघावं म्हणून. हे दाराकडच्या टोकापासून सुरू झाले असणार, कारण पहिल्या कुंडीची दशा बघवत नव्हती. काड्या चिरडलेल्या, साल सोलून लोंबतेय, शेळीनं चघळून टाकल्यासारखं. दुसऱ्या कुंडीतही तसंच. त्यापुढच्या कुंडीत मात्र काही काड्या बऱ्या कापल्या होत्या. मधल्या कुंड्यांत साल कुठेच लोंबत नव्हती. आणि अगदी शेवटच्या, आरशाकडच्या कुंडीत प्रत्येक काडी एका झटक्यात, तिरकी, स्वच्छ कापलेली. मी बोट फिरवून बघितलं, कुठे म्हणून खरखर लागली नाही. एकाच दुपारी पहिल्या कुंडीपासून शेवटच्या कुंडीपर्यंत ह्यांचा हात सुधारत गेला होता. आणि हे ह्यांना कळलंच नव्हतं, कारण हे सबंध वेळ झाडांची उंची बघत होते.

मी स्टुलावर बसले आणि वन्संना फोन लावला. माझ्या थोरल्या नणंदबाई बाजारात रोपं विकतात आणि भावाला अजून चड्डीतला समजतात. मी सगळं सांगितलं तर पोट धरून हसायला लागल्या.

"अगं, बरंच झालं की. थंडीतून उठलेल्या लांबुडक्या झाडांना असंच कापावं लागतं. फक्त त्यानं फार उशिरा केलं, म्हणून फुलं उशिरा येतील इतकंच. कापलंय त्याच्या खालच्या पेरातून फुटतं बघ, एका काडीचे दोन-तीन फाटे होतात. पण पेराच्या वर उगाच बोटभर खुंट ठेवला असेल तर तो सडतो. तो काढायला हवा."

"आणि ढीग पडलाय त्याचं काय करू?"

"टाकू नकोस मेले. शेंडे निवडून घे, पेराच्या बरोबर खाली धारदार पात्यानं काप, कळ्या काढून टाक, आणि एक दिवस सावलीत पसरून ठेव. कापलेली बाजू सुकू दे. मग वाळूमिश्रित मातीत खोच. पाणी अगदी बेतानं, नाहीतर बूड काळं पडतं. आणि ज्याचा हात सफाईदार आहे त्याला कापायला सांग, तुझ्या त्या बोथट कात्रीनं करू नकोस."

घरात स्वच्छ कापणारा माणूस कोण, हे मला सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्यापुढे वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर सगळे शेंडे ओतले. "वन्सं म्हणाल्या, ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायची. पेराच्या खाली कापायचं. माझ्या कात्रीनं होत नाही, वस्तरा घ्या." वन्सं असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण मोठ्या बहिणीचं नाव घेतलं की हे निमूट ऐकतात, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

ह्यांनी खणातून वस्तरा काढला. मग नवीन पातं घातलं. मी पार्टिशनमागे गेले आणि मशीन चालू केलं, मुद्दाम, म्हणजे मी बघतेय असं वाटू नये. मशीनवर कापड नव्हतंच. दाभणानं पार्टिशनला कधीतरी पडलेलं एक भोक आहे, त्यातून बघत होते. पहिले काही शेंडे वाया गेले. मग हे उठले, हात कोमट पाण्यात बुडवून बसले, बोटं पुसली आणि पुन्हा सुरुवात केली. दुपारपर्यंत वर्तमानपत्रावर शेंडे ओळीनं निजलेले होते, सगळे एका लांबीचे. सवय कुठे जाणार.

मग ते रोजचंच झालं. कलमं लावली, त्यांना पाणी घालायचं की नाही ह्यावर भांडण झालं, माती बोटानं चाचपून बघायचं ठरलं. जुन्या झाडांचे खुंट ह्यांनी पेरापर्यंत छाटले. खरोखरच पेरांतून बारीक हिरवी नखं बाहेर आली आणि बघता बघता त्यांची पानं झाली. वन्संनी फोनवर सांगितलं की फाट्याला जरा पानं आली की त्याचा कोवळा शेंडा खुडायचा, म्हणजे झाड पसरट आणि दाट होतं. खुडायचं ते अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत. ती चिमूट कशी होते म्हणता? त्या व्यायामवाल्या बाई जी करून दाखवत होत्या आणि हे करत नव्हते, अगदी तशी. चेंडूचं नाव न काढता मी रोज सकाळी कुंड्या ह्यांच्यापुढे आणून ठेवायचे. हे खुडत बसायचे. बोटं हिरवी व्हायची, त्यांना वास यायचा, आणि जेवताना ह्यांनी घास उजव्या हातानं घ्यायला सुरुवात केली. त्याबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तेच असावं.

पण खुर्चीचा विषय निघाला की गाडी तिथेच अडायची. "झाड वेगळं, माणूस वेगळा," हे म्हणायचे. "झाडाला कान नसतो."

महिनाअखेर आली. कुंड्या पायऱ्यांवर मांडून झाल्या होत्या, सगळ्या बुटक्या, हिरव्यागार, फूल एकाही कुंडीत नाही. पोस्टमन जाताना थांबला. "यंदा फुलं नाहीत?" मी म्हटलं, "यंदा उशिरा." आत हे खुर्ची पुसत होते. पायाचा दांडा, डोकं टेकायची गादी, सगळं लख्ख करत होते, दुसऱ्याच्या घरी पाठवायची म्हणून. मला ते बघवेना.

मी आत गेले, अंबाडा सोडला आणि खुर्चीत जाऊन बसले.

हे सांगायला हवं की इतक्या वर्षांत मी ह्यांना माझ्या केसांना कात्री लावू दिलेली नाही. सगळं सारखं करायचं वेड मला ठाऊक होतं.

"काय झालं?" हे म्हणाले.

"खांद्यापर्यंत करा."

"आज? अगं, तो टेम्पो घेऊन यायचाय."

"येऊ दे की. तोवर होईल."

"हात थरथरतो माझा."

"पहिल्या कुंडीला थरथरत होता," मी म्हटलं. "शेवटच्या कुंडीला नव्हता. त्या दिवशी तुम्ही रागावून घरी गेलात आणि मी एकेक काडी बघितली. दाराकडच्या कुंडीची साल सोलली होतीत आणि आरशाकडच्या कुंडीत एक काडी चुकली नव्हती. एकाच दुपारी. तुम्ही उंची बघत बसलात, मी कापणं बघितलं."

ह्यांनी पुसायचं फडकं टेबलावर ठेवलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. केसांची नाही. हे नाही म्हणाले असते तर ह्यापुढे माझ्याकडे काही उपाय उरला नव्हता.

"बिघडले तर?"

"बिघडले तर बिघडले. केस मुळातून वाढतात."

ह्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मग कापडाची घडी उलगडल्याचा आवाज आला, माझ्या गळ्याभोवती गाठ बसली, आणि पाण्याचा फवारा मानेवर पडला. पहिली बट कापताना ह्यांनी श्वास धरला होता, मला मागून ऐकू आलं. दुसरीला सोडला. त्यानंतर कात्रीचा तो जुना आवाज सुरू झाला, दोनदा हवेत आणि एकदा केसात. पार्टिशनच्या पलीकडून मी तो उभा जन्म ऐकला होता, पण इतक्या जवळून कधीच नाही.

अर्धं डोकं झालं होतं तेव्हा बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. एक आडव्या अंगाचा माणूस खांद्यावर दोर टाकून आत आला, मला खुर्चीत बघून दारातच थबकला.

"बसा," हे मान वर न करता म्हणाले. "डोकं चालू आहे."

तो बाकावर बसला. सलूनवाला खरा, पण त्याचे स्वतःचे केस कॉलरवर आले होते. सगळ्या सलूनवाल्यांचं असंच असतं, स्वतःचं डोकं स्वतःला कापता येत नाही. धंद्यातलाच माणूस, राहवेना त्याला.

"डावी बाजू लांब आहे."

"माहितीये. अजून तिकडे आलो नाही."

"फोनवर तर म्हणालात, हात गेला."

"म्हणालो होतो," हे म्हणाले.

डावी बाजू झाली. ह्यांनी मागून छोटा आरसा धरून दाखवला. केस खांद्यापर्यंत, आणि अर्थातच चहूबाजूंनी सारखे. एका ठिकाणी बट किंचित खाली आली होती, तिथे ह्यांचं बोट थांबलं. मी म्हटलं, "राहू दे. मला आवडलं." आणि खरंच आवडलं होतं. मी उठले. ह्यांनी कापड झटकलं, माझे केस फरशीवर पडले, आणि हाताला सवय होती म्हणून हात खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटून गेला.

"या, पुढचे."

ते वाक्य तोंडून गेलं आणि हे स्वतःच गोंधळले. बाकावर तो एकटाच होता. मी ह्या वेळी कोण पुढचे म्हणून विचारलं नाही. तो माणूस एकदा खुर्चीकडे, एकदा ह्यांच्याकडे, एकदा दाराबाहेरच्या रिकाम्या टेम्पोकडे बघत राहिला. मग त्यानं खांद्यावरचा दोर काढून बाकावर ठेवला.

"खुर्ची मी दुसरीकडे बघतो," तो म्हणाला, आणि मानेवरच्या केसांवरून हात फिरवत येऊन बसला.

मी पार्टिशनमागे गेले आणि मशीनवर बसले, डोळे पुसायला एक बाही हाताशी होती. एका बँडवाल्याच्या पुन्हा सैल करायला आलेल्या कोटाची होती, तिला काही होत नाही. पलीकडे कापड झटकल्याचा आवाज आला.

"कानाकडे जरा जपून हां," तो माणूस म्हणत होता.

"हं," हे म्हणाले.